दवाखान्याचं नूतनीकरण काढलंय, आणि इंजिनिअर म्हणतो आधी खांब बघू

नदीकाठचा_डॉक
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं तीस खाटांचं रुग्णालय आहे, कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. बाबांनी १९८८ साली बांधलं. तळमजला अधिक दोन. खाली रस्त्याच्या बाजूला औषधाचं दुकान, लॅब आणि दोन गाळे, मागे ओपीडी. पहिल्या मजल्यावर वॉर्ड आणि लेबर रूम, दुसऱ्यावर ऑपरेशन थिएटर आणि चार खाटांचं आयसीयू. गच्चीवर पाण्याच्या टाक्या.

यंदा नूतनीकरण काढलं. फरशी, फॉल्स सीलिंग, ऑक्सिजनची नवी पाइपलाइन, लिफ्ट बदलणं, तळमजल्यावरच्या दोन भिंती पाडून सीटी स्कॅनची खोली, आणि गच्चीवर पत्र्याचा एक मजला, असा बेत होता. आर्किटेक्टने सोबत एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. तरुण पोरगा. दोन तास इमारतीभर फिरला, भिंतींवर बोटाची पेरं वाजवत. जाताना म्हणाला, "डॉक्टर, सीटी राहू द्या. आधी खांब बघू."

मग सहा ठिकाणी गिलावा काढला. खांब ९ बाय १५ इंच. सळई बरी निघाली, गंज फक्त बाथरूमलगतच्या दोन खांबांना. पण रिंगा (उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या कड्या) ६ मिलिमीटरच्या, नऊ-नऊ इंचांवर, आणि टोकं नुसती काटकोनात वळवलेली. काँक्रीटचे कोअर काढले, ते एम १५ च्या आसपास, म्हणजे ताकदीला बेताचेच, आले. एक पाण्यासारखं औषध फवारलं, तर आतलं काँक्रीट गुलालासारखं गुलाबी झालं आणि बाहेरचा इंचभर थर कोराच राहिला. त्याच्या मते तो थर "मेलेला", म्हणजे सळईला गंजापासून राखायची ताकद गेलेला. बाबा शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत, पण जेवले नाहीत त्या दिवशी.

१९६७ च्या डिसेंबरात बाबा बारा वर्षांचे होते. कोयनेच्या भूकंपात घर पडलं, महिनाभर सगळे शेतात झोपले. म्हणून दवाखाना बांधताना त्यांनी पाया काळ्या दगडापर्यंत नेला, सिमेंटच्या गोण्या स्वतः मोजल्या. त्यांचं म्हणणं, ही इमारत पडणार नाही.

प्रश्न असे: भूकंपासाठी आधी इमारत बळकट करायची, हे सगळं अति होतंय का? दवाखाना बंद न ठेवता करता येतं का? पंचक्रोशीत बाळंतपणाला दुसरी सोय नाही. आणि पत्र्याचा मजला हलकाच असतो, त्याला काय हरकत?

बाराचा_ठोका
डॉक्टरसाहेब, स्पष्ट बोलतो, रागावू नका. पंचावन्न-साठ वर्षांत तुमच्याकडे तसलं मोठं काही झालंय का? कोयनेला छोटे धक्के रोजचेच. त्यातूनच जमिनीतली ताकद निघून जाते, म्हणून मोठा येत नाही. हे इंजिनिअर लोक आधी भीती विकतात, मग जॅकेटिंग (खांबाभोवती नव्या काँक्रीटचं वेष्टण). आमच्या सोसायटीत हेच केलं, पैसे गेले आणि पार्किंग अरुंद झालं ते वेगळंच.

तुळई
डॉक्टर, त्या पोराला माझ्याकडून एक चहा. गिलावा न काढता अहवाल देणारे ढिगाने आहेत.

मी हेच काम करतो, पुण्यात. रिंगांपासून सुरू करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना? चाक लाकडाचंच, पण धाव निसटली की आरे चौफेर सुटतात. खांबातल्या रिंगा ही धाव. रोजचं उभं वजन खांब रिंगांशिवायही वाहतो, म्हणून छत्तीस वर्षं काही जाणवलं नाही. भूकंपात खांब आडवा ढकलला जातो, वरच्या-खालच्या टोकाशी चेचला जातो, बाहेरचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, गळून पडतं. त्या क्षणी आतलं काँक्रीट बांधून ठेवायला फक्त रिंग उरते. तिचं टोक काटकोनात असेल तर कव्हर गळताच ते उघडतं. म्हणून आज आयएस १३९२० (भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचा भारतीय कोड) म्हणतो की टोक १३५ अंशांत वळवून आत घुसवा आणि खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगा दाट घ्या. तो कोड पहिल्यांदा आला १९९३ साली. तुमची इमारत १९८८ ची. बाबांनी कसर केली असं अजिबात नाही. तालुक्याच्या गावात तेव्हा खांब असेच व्हायचे.

पाया काळ्या दगडात आहे ही फार मोठी जमेची बाजू. पण दगड पायाला धरतो, खांबाला नाही.

आता आकडा. २०१६ च्या कोडातल्या भूकंप-नकाशावर कोयनेचा पट्टा झोन ४, तिथला गुणक ०.२४. रुग्णालयाला महत्त्वाचा गुणक १.५, साध्या घराला १. तुमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या फ्रेमचा हिशोब मांडला तर इमारतीच्या वजनाच्या साधारण १५ टक्के आडवा जोर धरावा लागतो. हजार टनांची इमारत असेल तर दीडशे टन, बाजूने. तुम्ही गच्चीवर जे चढवाल ते या वजनात पडतं, आणि नेमकं सगळ्यात वर, जिथे झोका मोठा. पत्रा हलका आहे, पण त्याखाली फरशी, भिंती, खाटा, माणसं येणारच. खालचा जडशीळ सांगाडा आणि वर लवचीक पोलादी मजला, अशा जोडीत वरचा मजला चाबकाच्या टोकासारखा झटके खातो. मजला विसरा.

आणि त्या दोन भिंती पाडू नका! खाली गाळे म्हणजे शटर, म्हणजे पोकळी. वर दोन मजले विटांनी गच्च भरलेले. असा तळमजला आधीच लुळा असतो. नकाशात वीटकाम म्हणजे नुसतं वजन, पण प्रत्यक्षात पहिला मार तेच खातं. आहेत त्या दोन भिंतीही काढल्यात, तर उरलेलं सगळं त्या ९ बाय १५ च्या खांबांवर.

निवृत्त_उपअभियंता
बाराचा ठोका, तुमचा तो 'छोट्या धक्क्यांतून ताकद निघून जाते' हा समज मी नोकरीत शंभरदा ऐकलाय, आमदारांकडूनही. गणित करा. रिश्टरची एक पायरी म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा, दोन पायऱ्या म्हणजे हजार पट. ६ च्या एका धक्क्याइतकी ऊर्जा काढायला ४ चे हजार धक्के लागतील. बसलेत का हजार?

झोनवर विसंबण्यातही अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा भाग नकाशावर सगळ्यात खालच्या झोनमध्ये होता. भूकंप ६.२ चा. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढे २००२ मध्ये झोन १ नकाशावरूनच काढून टाकला.

डॉक्टर, बाबांना एक सांगा. तुमच्या खोऱ्यातलं सगळ्यात मोठं बळकटीकरण त्यांच्या डोळ्यांदेखत झालंय. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना धरणाला वरच्या भागात आडवे तडे गेले होते, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो नेमके तिथे. धरण पडलं नाही. म्हणून कुणी 'टिकलं की' म्हणत बसलं का? उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू बांधून काढले. धरणाला चालतं ते दवाखान्याला का चालू नये?

बाराचा_ठोका
हजारचं गणित मान्य. जॅकेटिंगवाल्यांबद्दलचं मत कायम.

सिल्मारकर
मी लॉस एंजेलिसला रुग्णालयांच्या नूतनीकरणाच्या कामांवर असते, समन्वयाचं काम. माहेर सातारा, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

इथे आमच्या धंद्यात प्रत्येक नवख्याला एक गोष्ट सांगतात. ९ फेब्रुवारी १९७१, सकाळचे सहा. सिल्मारला ऑलिव्ह व्ह्यू नावाचं कोरं करकरीत रुग्णालय, उघडून महिनाच झालेला. ६.६ चा भूकंप आला. मुख्य इमारत एका बाजूला कलली, तळमजल्याचे खांब चिरडले, बाहेरचे जिन्याचे मनोरे इमारतीपासून सुटून पडले. रुग्णवाहिका ज्या छपराखाली उभ्या होत्या ते छप्पर त्यांच्यावरच कोसळलं. म्हणजे जखमी आणायला गाडी नाही. इमारत पूर्ण झोपली नव्हती, पण वीज गेली आणि श्वसनयंत्रावरचे रुग्ण दगावले. जवळच माजी सैनिकांचं रुग्णालय होतं, १९२० च्या दशकातलं. तिथे चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने १९७३ मध्ये रुग्णालयांसाठी वेगळा भूकंप कायदा आणला. मुद्दा एवढाच की रुग्णालय नुसतं उभं राहून भागत नाही, भूकंपानंतर ते चालू राहिलं पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणवत नाही, पण ऐका. ऑलिव्ह व्ह्यू त्याच जागी नव्याने बांधलं, पोलादी पत्र्यांच्या भिंती घालून, अगदी किल्ल्यासारखं. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. जमिनीचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास बरोबरीचा, छतावर त्याच्या दुपटीहून जास्त. सांगाड्याला काहीही झालं नाही. आणि तरीही रुग्ण बाहेर काढावे लागले! कारण आगीसाठीच्या फवाऱ्यांचे आणि पाण्याचे पाइप तुटले, आणि पाणी छतातून वॉर्डात आलं. खांब जिंकले, पाइप हरले.

त्यानंतर इथे प्रत्येक रुग्णालय-इमारतीला दोन वेगवेगळे दर्जे द्यायला लागले. एक सांगाड्याचा आणि एक बाकी सगळ्याचा, म्हणजे पाइप, छत, यंत्रं, टाक्या, कपाटं यांचा. शेवटच्या टप्प्याची मुदत २०३० आहे आणि त्यावरून रुग्णालयं आणि सरकार यांच्यात अजून रस्सीखेच चालू आहे. खर्च इथेही कुणाला सुटलेला नाही.

तर डॉक्टर, तुमचं नूतनीकरण आहे हीच संधी. फॉल्स सीलिंग तुम्ही तसंही उघडणार, ऑक्सिजनची लाइन तशीही नवी टाकणार. त्यातला प्रत्येक पाइप, प्रत्येक ट्रे स्लॅबला तिरप्या टेकूने बांधून घ्या, नुसता लोंबता ठेवू नका. आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीतून पाइप सरळ कडक नेऊ नका, तिथे लवचीक तुकडा टाका.

नदीकाठचा_डॉक
फट आहे! २००४ साली मागे जिन्याचा आणि लिफ्टचा भाग वाढवला, मधे दीड इंचाची फट, वरून अॅल्युमिनियमची पट्टी. ऑक्सिजनची जुनी तांब्याची नळी बरोब्बर तिथूनच सरळ जाते. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो.

तुळई
त्या पट्टीखाली एकदा हात घाला. दहापैकी नऊ ठिकाणी फटीत सेंट्रिंगच्या फळ्या, विटांचे तुकडे, कधी सिमेंटची पूर्ण गोणी सापडते. मग ती फट उरतच नाही. दोन इमारती वेगवेगळ्या तालात डोलतात आणि तो तुकडा पाचरीसारखा दोघींना ठोकतो. फट साफ करणं हे सगळ्यात स्वस्त बळकटीकरण.

लिफ्टची डक्ट विटांची की काँक्रीटची? ती एका कोपऱ्यात असल्याने विचारतोय. एकाच कोपऱ्यात ताठ भिंत आणि बाकी सगळं मऊ असेल तर इमारत सरळ हलत नाही, पिळवटते.

कच्छवाला_मराठी
भूजचा उल्लेख अजून कसा नाही आला? २६ जानेवारी २००१, ७.७ चा. जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं, आतल्या रुग्णांसकट आणि कर्मचाऱ्यांसकट. मी तेव्हा गांधीधामला नोकरीला होतो. जखमींना घेऊन लोक भूजला निघाले आणि तिथे हॉस्पिटलच नव्हतं. मैदानात तंबू टाकून शस्त्रक्रिया झाल्या. हात मोडलेला माणूस बसून राहायचा, त्याच्यापेक्षा वाईट अवस्थेतल्यांना रांगेत पुढे सोडायचा. ते दृश्य डोक्यातून जात नाही.

नवं रुग्णालय २००४ च्या सुरुवातीला सुरू झालं, ते बेस आयसोलेशनवर. इमारत आणि पाया यांच्या मधे रबराच्या गोल बैठका, रबर आणि पोलादाचे एकाआड एक थर, मधोमध शिशाचा गाभा. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात निघालेलं तंत्र. जमीन हलते, रबर वाकतं, शिसं ती ऊर्जा पितं आणि वर इमारत सावकाश डोलते. डॉक्टर, तुमच्याकडे हे बसवता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

तुळई
जुन्या इमारतीखाली बसवता येतं, जगात केलंही आहे. पण प्रत्येक खांब जॅकवर तोलून कापायचा, खाली बैठक सरकवायची, इमारतीभोवती चौफेर मोकळी फट ठेवायची, जिना, लिफ्ट, गटार, सगळ्या नळ्या त्या फटीवरून लवचीक न्यायच्या. तीस खाटांच्या दवाखान्याला हे झेपणारं नाही. नवं बांधत असते तर मी आग्रह केला असता. तुर्कस्तानने एक तपापूर्वी ठरवलं की भूकंपाच्या पट्ट्यात शंभराहून जास्त खाटांचं नवं रुग्णालय आयसोलेशनवरच हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इस्केंदेरुनचं सरकारी रुग्णालय कोसळलं, आणि त्याच प्रांतातलं दोर्तयोलचं, बैठकांवरचं रुग्णालय काम करत राहिलं.

तुमच्याकडे, माझ्या अंदाजाने (रेखाटनं बघितल्याशिवाय हे सल्ले म्हणजे फोनवरून औषध सांगणं, हे तुम्हाला मी सांगायला नको), चार काँक्रीटच्या भिंती: दोन लांबीच्या दिशेने, दोन रुंदीच्या, शक्यतो बाहेरच्या बाजूला आणि समोरासमोर, पायापासून थेट गच्चीपर्यंत. बहुतेक आडवा जोर त्या घेतील आणि खांबांचं काम कमी होईल. बाहेरून होत असल्याने वॉर्डात पाय टाकायची वेळ कमी येते. पण अशी भिंत उलटायला बघते, म्हणून तिला स्वतःचा रुंद पाया हवा. तिथे तुमचा काळा दगड कामी येईल. बाबांना हे नक्की सांगा.

गाळ्यांचे खांब मात्र जॅकेट करावे लागतील.

खडी_क्रशसँड
जॅकेटवर मी बोलतो, कारण साहेब लोक कागदावर चार इंचांची रेघ मारतात आणि ती आम्हाला भरावी लागते.

पहिलं म्हणजे खांब फक्त तळमजल्याच्या स्लॅबपर्यंत गुंडाळून सोडला तर ते जॅकेट नाही, पायजमा आहे. नव्या सळया स्लॅबला भोकं पाडून वर गेल्या पाहिजेत, खाली पायात रुतल्या पाहिजेत. नाहीतर कमजोर जागा तिथून उठून वरच्या मजल्यावर जाऊन बसते.

दुसरं, जुन्या खांबाचा गिलावा काढून काँक्रीटला टाचे मारायचे, दगडासारखं खडबडीत करायचं. गुळगुळीत सोडलं तर नवं-जुनं कधीच एक होत नाही. ब्रेकर लावू देऊ नका, जुना एम १५ चा खांब आतून खिळखिळा होतो. छिन्नी-हातोडी नाहीतर हलकी चिपिंग मशीन. वेळ लागतो, लागू द्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. केमिकल घालून सळया रोवतात ना, त्या भोकातली धूळ. भोक पाडलं, ब्रश फिरवला, हवा मारली, परत ब्रश, परत हवा. पोरं हे टाळतात कारण दिवसाला शंभर भोकं असतात. धूळ राहिली की केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. सळई हाताने ओढून 'पक्की आहे' म्हणतात. हाताने कशी निघेल? जॅक लावून ओढून बघायला सांगा, दर मजल्यावर काही सळया, तुमच्यासमोर. मी सांगतो म्हणून माझ्याच जातभाईंच्या शिव्या खाणार आहे.

नदीकाठचा_डॉक
पायजमा हा शब्द बाबांना फार आवडला. पहिल्यांदा हसले या विषयावर.

अडचण कॉरिडॉरची आहे. रुंदी बरोब्बर आठ फूट. आमचा इंजिनिअर मधल्या चार खांबांनाही जॅकेट म्हणतोय. दोन्ही बाजूंनी चार-चार इंच आत आले तर खाट वळत नाही. आम्ही पुठ्ठ्याचे खोटे खांब करून स्ट्रेचर फिरवून पाहिलं. लेबर रूमच्या वळणावर अडकलं.

तुळई
पुठ्ठ्याचे खांब! हे मी माझ्या माणसांना दाखवणार. तिथे कार्बन फायबर बघा. कापडासारखं असतं, इपॉक्सीत भिजवून खांबाला गुंडाळतात, जाडी काही मिलिमीटर. ते खांब ताठ करत नाही, पण नसलेल्या रिंगांचं काम बाहेरून करतं. ताठपणा भिंतींकडून घ्या आणि पकड फायबरकडून. फक्त खांबाचे कोपरे आधी गोल घासावे लागतात, धारदार कोपऱ्यावर फायबर तुटतं. वर आगीपासून संरक्षणाचा थर लागतो, कारण इपॉक्सी उष्णतेला फार नाजूक. चौकोनी लांबट खांबाला त्याचा उपयोग गोल खांबापेक्षा कमी होतो, हेही हिशोबात धरायला सांगा.

वॉर्ड_सिस्टर
सगळे खांबांवर बोलताय, धुळीवर कुणीच नाही.

तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा भूकंपाच्या पट्ट्यात. चालू दवाखान्यात तोडफोड झाली की जुन्या गिलाव्यातली बुरशी हवेत येते. अॅस्परजिलस. धडधाकट माणसाला काही होत नाही, पण केमोथेरपीवरचा, स्टिरॉइडवरचा, आयसीयूतला रुग्ण त्याने जाऊ शकतो. कामाची जागा आणि वॉर्ड यांच्या मधे जमिनीपासून स्लॅबपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा हवा. फॉल्स सीलिंगपर्यंत नाही, धूळ त्याच्या वरून जाते. आतली हवा पंख्याने थेट बाहेर काढा, म्हणजे दार उघडलं तरी हवा कामाकडे जाईल, वॉर्डाकडे येणार नाही. राडारोडा झाकून, वेगळ्या वाटेने. मजुरांना रुग्णांची लिफ्ट द्यायची नाही. ड्रिल पाणी मारत चालवायचं.

आवाजाचं वेळापत्रक सिस्टरला करू द्या, ठेकेदाराला नाही. कुणाचं ऑपरेशन कधी आणि कुणाला रात्रभर झोप नव्हती, हे आम्हाला माहीत असतं.

धक्क्यांबद्दलही सांगते. कोयनेचा धक्का बसला की आमच्या ड्युटी रूममध्ये पहिली उघडायची ती औषधांच्या कपाटाची दारं. एकदा रात्री अड्रेनलिनच्या अँप्यूल फुटल्या, सगळ्या. सकाळी साठा येईपर्यंत जीव मुठीत. तेव्हापासून प्रत्येक फळीच्या पुढे मी गाउनच्या नाडीचे तुकडे आडवे बांधून ठेवायचे. नाडी दोन इंच वर, हात जातो, बाटली येत नाही. मेट्रन हसायच्या. बदली झाली तेव्हा त्याच मेट्रननी मला नाडी कुठून आणायची ते विचारलं.

सिल्मारकर
ताई, इथे त्याच नाडीला स्टीलची पट्टी म्हणतात आणि तपासनीस येऊन ती मोजतो.

निवृत्त_उपअभियंता
सिस्टरच्या यादीत माझी भर. ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर भिंतीला दोन उंचींवर साखळीने बांधा, एका साखळीने सिलिंडर खालून सरकतो. जनरेटर स्प्रिंगवर असेल तर तो उडून पडू नये म्हणून चारी बाजूंनी अडथळे लावा. बॅटऱ्यांचा रॅक भिंतीला बोल्ट करा. गच्चीवरच्या टाक्या किती लिटरच्या? दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, हे लोक विसरतात. टाकी विटांच्या चार ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली असते, आणि ती सरकली की पहिला तुटतो तो पाइप. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हे सगळं आहे. जुन्या आरसीसी इमारतींच्या तपासणीला आयएस १५९८८ आहे. ठेकेदाराच्या करारात ही नावं लिहून घ्या, नंतर वाद होत नाहीत.

बाराचा_ठोका
माझ्या सोसायटीत जॅकेट स्लॅबपाशीच थांबवलंय. आत्ता खाली जाऊन बघितलं. पायजमाच आहे.

नदीकाठचा_डॉक
सात महिन्यांनी येतोय. बऱ्याच जणांनी खाजगी निरोप पाठवून विचारलं, म्हणून इथेच लिहितो.

गच्चीवरचा मजला रद्द. सीटीची खोली मागच्या अंगणात वेगळी बांधली, एकमजली. चार भिंती झाल्या, चौथीचं गच्चीपर्यंतचं काँक्रीट गेल्या महिन्यात पडलं. गाळ्यांच्या सहा खांबांना जॅकेट, पायापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. कॉरिडॉरच्या चारांना फायबर. सळया ओढून बघितल्या, पहिल्या दिवशी आठातल्या दोन सरकल्या. ठेकेदाराचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या दिवसापासून भोकं साफ करायला एक वेगळा माणूस ठेवला, त्याचं तेवढंच काम.

फटीत दोन फळ्या, एक गमबूट आणि १९ जून २००४ चा पेपर निघाला. बूट कुणाचा ते कळलं नाही.

दवाखाना एक दिवसही पूर्ण बंद ठेवला नाही. अर्धा-अर्धा मजला रिकामा केला, वेळापत्रक आमच्या सिस्टरांनी केलं. लेबर रूम तीन आठवडे ओपीडीत होती, तिथे नऊ बाळं झाली. पैशांचं विचारू नका, कर्ज आहे, फेडू. गाळेवाल्यांशी झालेली भांडणं हा वेगळा धागा होईल.

बाबा रोज संध्याकाळी भिंतीच्या पायाशी खुर्ची टाकून बसायचे. दगड लागला तेव्हा स्वतः खाली उतरले, सत्तरीला टेकलेला माणूस हो, आणि हाताने चाचपून आले.

तुळई
सरकलेल्या दोन सळयांचं काय केलंत?

नदीकाठचा_डॉक
त्या दिवशीच्या सगळ्या रद्द. शेजारी नवी भोकं पाडून पुन्हा रोवल्या. इंजिनिअर पोरगा तिथून हललाच नाही.

आणि परवा पहाटे धक्का बसला. लहानच होता, पण खिडक्या वाजल्या. मी धावत वर गेलो. सिलिंडरच्या साखळ्या किणकिणत होत्या. कपाटं बंद, टाकी जागेवर, नवी नळी ठीक. पडला तो एक सलाईन स्टँड, चाकांवर गडगडत जाऊन भिंतीला आपटून.

तुळई
एवढ्या धक्क्याने सांगाड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे बाबांनाही सांगा. साखळ्यांबद्दल होतं.

वॉर्ड_सिस्टर
त्या स्टँडच्या चाकांना ब्रेक असतो डॉक्टर. पायाने दाबायचा.